मत, कौल आणि चाचणी: मतदानाशी निगडित शब्दांविषयी

निपाणीच्या एका महाविद्यालयातील विद्यार्थिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. ‘मतदान’ या शब्दात ‘दान’ कोठून आले आणि त्यामुळे मतदार दाता व उमेदवार याचक ठरतो का, हा पहिला. जनमत, सार्वमत, कौल, मतचाचणी, पाहणी आणि सर्वेक्षण हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर चालतात का, हा दुसरा. कन्नडमधला ‘समीक्षे’ हा शब्द मराठी प्रश्नावलीत ‘समीक्षा’ असा उतरवावा का, हा तिसरा. तिच्या गटाला तालुक्यातील मराठी आणि कन्नड भाषक घरांमध्ये एकच प्रश्नावली दोन भाषांत घेऊन जायचे आहे, म्हणून हे प्रश्न निव्वळ हौसेचे नाहीत. बेळगावात राहून कन्नड सरकारी कागदपत्रे मराठीत आणण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, तेव्हा उत्तरही त्याच अंगाने देतो.

आरंभ ‘मत’ या शब्दापासून करावा लागेल, कारण पुढचा बहुतेक गोंधळ तिथूनच निघतो. संस्कृतातील ‘मन्’ म्हणजे विचार करणे, मानणे. या धातूपासून मति, मनन आणि मत हे शब्द झाले. ‘मत’ म्हणजे विचारांती मानलेली गोष्ट. जुन्या मराठीत हा शब्द मुख्यतः सिद्धान्त आणि संप्रदाय यांच्यासाठी येतो. शांकरमत, मध्वमत, ‘मतमतांतरांचा गलबला’ हे प्रयोग त्याच घराण्यातले. पुढे इंग्रजी अमदानीत नगरपालिका आणि कायदेमंडळे यांच्या निवडणुका सुरू झाल्या, तेव्हा उमेदवाराच्या बाजूने नोंदवलेल्या पसंतीलाही ‘मत’ म्हटले जाऊ लागले. म्हणजे आजच्या मराठीत हा शब्द दोन कामे करतो: एक, कोणत्याही विषयावरचा विचार, दोन, मतपत्रिकेवरची किंवा यंत्रावरची नोंद.

कन्नडमध्ये तोच शब्द आणखी एक काम करतो. तेथे संप्रदाय हा जुना अर्थ मावळला नाही, उलट पसरला, आणि ‘मत’ म्हणजे धर्म असा अर्थ रूढ झाला. मतदानाच्या अर्थानेही तेथे ‘मत’च चालतो, केवळ विचार या अर्थासाठी मात्र कन्नड माणूस बहुधा ‘अभिप्राय’ म्हणतो. याचा फटका कसा बसतो ते ‘मतांतर’ या एका शब्दात दिसते. मराठीत मतांतर म्हणजे विचारांतील फरक किंवा बदल. कन्नडमध्ये ‘मतांतर’ म्हणजे धर्मांतर. डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातील अधिवेशनात कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक संमत केले, तेव्हा कन्नड वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ‘मतांतर निषेध’ असे शब्द होते. लिपी बदलून ते जसेच्या तसे मराठीत आणले असते, तर सरकार लोकांच्या विचार बदलण्यावरच बंदी घालते आहे, असे वाचणाऱ्यास वाटले असते. सीमाभागात भाषांतर करणाऱ्याची खरी परीक्षा अपरिचित शब्दांपेक्षा अशा ओळखीच्या शब्दांपाशीच होते.

आता ‘दान’. ‘दा’ म्हणजे देणे, आणि त्यापासून झालेले ‘दान’ म्हणजे देण्याची क्रिया, इतकाच या शब्दाचा मूळ आवाका आहे. आदान, प्रदान, अनुदान, योगदान यांत भिक्षा किंवा पुण्य यांचा मागमूस नाही. ‘करदाता’ म्हणताना तो सरकारला भीक घालतो असे कोणी समजत नाही. दिले नाही तर नोटीस येते, हे सर्वांना ठाऊक असते. तेव्हा ‘मतदान’ म्हणजे मत देण्याची क्रिया, याहून अधिक त्यात काही नाही. पुण्याचा रंग नंतर चढला, आणि ‘मतदान हे श्रेष्ठ दान’ यांसारख्या घोषणांनी तो गडद केला. मला स्वतःला या घोषणा रुचत नाहीत, कारण त्या हक्काला उपकाराचे रूप देतात. पण त्याचा दोष शब्दाकडे जात नाही. याचकाची प्रतिमा मराठीने दुसऱ्या एका शब्दात मांडली आहे आणि ती या जिल्ह्याच्या चांगलीच परिचयाची आहे: ‘मतांचा जोगवा मागणे’. ज्यांनी सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या भक्तांना परडी घेऊन जोगवा मागताना पाहिले आहे, त्यांना या वाक्प्रचारातील टोमणा समजावून सांगावा लागत नाही.

‘मतदार’ या शब्दातील ‘दार’ मात्र ‘दा’ धातूचे नव्हे. जमीनदार, ठाणेदार यांत दिसणारा, ‘धारण करणारा’ या अर्थाचा तो फारसी प्रत्यय आहे. हिंदीने ‘मतदाता’ घेतला, मराठी आणि कन्नड या दोघींनी ‘मतदार’. म्हणजे मराठीच्या दृष्टीने मतदार हा मत देणारा असण्यापूर्वी मत बाळगणारा आहे. त्याने ते दिले नाही तरी तो मतदार राहतोच. इंग्रजी ‘व्होट’चे मूळ लॅटिन ‘व्होटुम’मध्ये आहे आणि त्याचा अर्थ संकल्प, नवस असा होतो. ‘बॅलट’ हा इटालियन भाषेतील लहान चेंडूवरून आलेला शब्द आहे, कारण गुप्त मतदानासाठी चेंडू टाकण्याची पद्धत होती. आपल्याकडे प्राचीन बौद्ध संघात भिक्षूंची मते घेण्यासाठी शलाका, म्हणजे काड्या, वाटल्या जात. गैरहजर भिक्षू आपली संमती दुसऱ्याकरवी कळवी, तिला पालीत ‘छंद’ म्हणत. आजच्या मराठीत छंदाचे काय झाले ते आपण पाहतोच.

निवडणुकीच्या इतर शब्दांत आपली आणि कन्नडची देवघेव मोठी गमतीची आहे. मराठी ‘निवडणूक’ हे ‘निवडणे’ या घरगुती क्रियापदापासून, वागणूक, मिरवणूक यांच्या धर्तीवर बनलेले नाम. तांदूळ निवडणे आणि आमदार निवडणे यांना भाषेने एकच क्रियापद दिले. कन्नड ‘चुनावणे’चे नाते मात्र हिंदी ‘चुनाव’शी आहे. आपण ‘उमेदवार’ म्हणतो, तो फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा या शब्दावरून. कन्नड आता ‘अभ्यर्थी’ म्हणते, म्हणजे विनंती करणारा. आपण ‘अनामत रक्कम’ म्हणतो आणि तिचे मूळ अरबी आहे. कन्नड वृत्तपत्रे ‘ठेवणी’ म्हणतात, आणि तो शब्द तर आपल्याच ‘ठेव’चा भाऊबंद. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळालेल्या पराभूत उमेदवाराची रक्कम जप्त होते तेव्हा मराठी माणसाची अनामत जाते आणि कन्नड माणसाची ठेवणी. हा बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि इंग्रजांच्या आधी येथे मराठ्यांचा अंमल होता, त्यामुळे येथील कन्नड कारभारात असे शब्द मुरलेले आहेत.

दोन ठिकाणी सावध राहावे. कन्नडमध्ये मतदार यादीला ‘मतदारर पट्टी’ म्हणतात. तेथे पट्टी म्हणजे यादी. आपल्याकडे घरपट्टी आणि पाणीपट्टी. यादीऐवजी पट्टी असे छापलेला कागद मराठी घरात गेला, तर हा कोणता नवा कर, असा प्रश्न येणारच. दुसरे ‘मतक्षेत्र’. मराठीत आपण ‘मतदारसंघ’ म्हणतो, म्हणजे मतदारांचा समुदाय. कन्नड शब्द भूभागावर बोट ठेवतो. अर्थाची गफलत होत नाही, पण मराठी मजकुरात ‘मतक्षेत्र’ खटकते. मतदान केंद्राचा कन्नड शब्द ‘मतगट्टे’ मला फार आवडतो. मत आणि कट्टे यांचा संधी होताना कन्नडच्या नियमाने ‘क’चा ‘ग’ होतो. कट्टे म्हणजे झाडाभोवतीचा पार, ओटा; मराठीत तोच शब्द कट्टा म्हणून नांदतो. ‘केंद्र’ या आपल्या शब्दाला तेवढी माती लागलेली नाही. ‘नोटा’विषयी इतकेच की, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानंतर आलेल्या या पर्यायाचे नाव मराठीत नोट या शब्दाचे अनेकवचन होऊन बसते आणि निवडणुकीच्या काळात तो श्लेष कोणालाही टाळता येत नाही, लेखी मजकुरात ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असेच लिहावे.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. येथे प्रत्येक शब्द घेताना तीन गोष्टी तपासाव्यात: बोलणारे सगळे आहेत की निवडक, बोलणे मोजले जाते की नाही, आणि मोजल्यावर ते कोणावर बंधनकारक होते का.

‘जनमत’ म्हणजे लोकांत असलेली धारणा. ती मोजलेली असतेच असे नाही, म्हणून ‘जनमत क्षुब्ध झाले’ असे वाक्य आकड्यांशिवाय लिहिता येते. ‘कौल’ याच्या नेमका उलट टोकाला आहे. अरबीत ‘कौल’ म्हणजे वचन, शब्द. मराठेशाहीच्या कारभारात रयतेला किंवा व्यापाऱ्याला दिलेले अभयाचे अथवा सवलतीचे लेखी आश्वासन म्हणजे कौल, आणि तो कागद म्हणजे कौलनामा. खानापूर तालुक्याच्या घाटाकडील भागात, तसेच कोकणात आणि गोव्यात, देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवून ते उजवीकडे पडतात की डावीकडे, यावरून होकार-नकार ठरतो. या दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे: कौल मिळाल्यावर त्यावर चर्चा नसते. म्हणून ‘मतदारांनी कौल दिला’ हे निकालाविषयी लिहिणे अगदी यथार्थ आहे, आणि मतदानोत्तर चाचणीचे आकडे आल्यावर ‘एक्झिट पोलचा कौल’ असा मथळा देणे हा शब्दाचा गैरवापर आहे. चाचणीचा अंदाज असतो. कौल देण्याचा अधिकार तिला कोणी दिलेला नाही.

‘सार्वमत’ हा शब्द ‘सर्व’ आणि ‘मत’ यांपासून, सार्वजनिक, सार्वत्रिक यांच्याप्रमाणे आदिस्वराची वृद्धी होऊन झाला आहे. एखादा ठरावीक प्रश्न थेट सर्व मतदारांपुढे ठेवून त्यांचा निर्णय घेणे म्हणजे सार्वमत. त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण चोर्ला घाटापलीकडचे आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ते फार बोलके आहे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाची निशाणी फूल होती आणि केंद्रशासित राहण्याची दोन पाने. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. या मतदानासाठी संसदेने १९६६ मध्ये केलेल्या कायद्याच्या इंग्रजी नावात ‘ओपिनियन पोल’ असेच शब्द आहेत. आज दूरचित्रवाणीवर ‘ओपिनियन पोल’ म्हटले की काही हजार लोकांना विचारून बांधलेला अंदाज आपल्या डोळ्यांपुढे येतो. गोव्यातील ‘ओपिनियन पोल’मध्ये तीन लाखांहून अधिक लोक रांगेत उभे राहिले आणि त्यांच्या मतदानाने एका प्रदेशाचे भवितव्य ठरले. इंग्रजीने दोन्ही गोष्टींना एकच नाव दिले असले, तरी मराठीने १९६७च्या घटनेला सार्वमत आणि आजच्या प्रकाराला मतचाचणी म्हटले, हे मराठीचे शहाणपण मानावे लागेल. मराठी लिहिणाऱ्यानेच ते सोडून ‘गोव्याची जनमत चाचणी’ असे लिहू नये.

सीमाभागात या फरकाला आणखी एक पदर आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने निवेदने घेतली, लोकांच्या भेटी घेतल्या आणि १९६७ मध्ये, म्हणजे गोव्याच्या सार्वमताच्याच वर्षी, अहवाल दिला. त्या प्रक्रियेला सार्वमत म्हणता येत नाही आणि चाचणीही म्हणता येत नाही. वादात दोन्ही बाजूंनी पुढे केले जाणारे भाषावार आकडे जनगणनेतील मातृभाषेच्या नोंदीचे असतात, आणि त्यांनाही काही जण बोलताना सहज ‘कौल’ म्हणून जातात. मातृभाषा कोणती, हे सांगणे म्हणजे कोणत्या राज्यात राहायचे ते सांगणे नव्हे. एक ओळख आहे, दुसरा निर्णय. या दोहोंपैकी कोणत्याही बाजूचे समर्थन करताना हा भेद पुसू नये, असे माझे ठाम म्हणणे आहे. जनगणनेसाठी पूर्वी ‘खानेसुमारी’ हा फारसी शब्द होता, म्हणजे घरांची मोजणी. आणि ‘शिरगणती’ हा तर सरळ डोकी मोजण्याचा शब्द. इंग्रजी ‘पोल’चाही जुना अर्थ डोके असाच आहे, डोकी मोजण्यावरून तो मतदानाकडे आणि तेथून चाचणीकडे आला.

‘मतचाचणी’ किंवा ‘जनमत चाचणी’ यात बोलणारे निवडक असतात, आणि ते कसे निवडले यावर सारी भिस्त असते. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रे पाठवली, त्यांतील वीस लाखांहून अधिक परत आली, आणि त्यांवरून लँडन जिंकणार असे भाकीत केले. जिंकले रूझवेल्ट, तेही ४८ पैकी ४६ राज्यांत. पत्ते मोठ्या प्रमाणावर टेलिफोनच्या आणि मोटारींच्या नोंदींतून घेतलेले होते, म्हणजे मंदीच्या काळात ज्यांच्याकडे या वस्तू होत्या अशा लोकांचे. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणाऱ्यांचीच मते मोजली गेली. कितीतरी कमी लोकांना विचारूनही जॉर्ज गॅलप यांनी विजेता बरोबर सांगितला. या निवडलेल्या भागाला मराठीत ‘नमुना’ म्हणतात, तो फारसी शब्द. येथेही कन्नडशी टक्कर होते: कन्नडमध्ये ‘नमूने’ म्हणजे सरकारी अर्ज, मतदार नोंदणीचा अर्ज तेथे ‘नमूने ६’ असतो. मराठीतही ‘नमुना क्रमांक ६’ चालतो. म्हणून प्रश्नावलीच्या प्रस्तावनेत ‘नमुना निवडला आहे’ एवढेच लिहून थांबू नका. ‘तालुक्यातील काही घरे अशा-अशा रीतीने निवडली आहेत’ असे सरळ सांगा.

मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारून केलेली ती मतदानोत्तर चाचणी. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००९च्या दुरुस्तीने घातलेल्या १२६-अ या कलमान्वये निवडणूक आयोगाने जाहीर केलेल्या मुदतीत अशी चाचणी घेण्यास आणि तिचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास बंदी आहे, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी आहे. आपल्या गटाचा विषय निवडणुकीचा नसला, तरी तालुक्यात निवडणूक लागली असेल तर ‘मतदानोत्तर’ हा शब्द चुकूनही कागदावर येऊ देऊ नका.

तिसरा प्रश्न समीक्षेचा. ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. परीक्षा, निरीक्षण, अपेक्षा, उपेक्षा, समीक्षा आणि सर्वेक्षण ही सारी त्याचीच लेकरे. ‘सर्वेक्षण’ आणि ‘सर्व्हे’ यांचा आवाज जुळतो. इंग्रजी शब्दही ‘वरून’ आणि ‘पाहणे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांपासून आला आहे. पाहणे दोहोंत समान, पण शब्द एकमेकांपासून निघालेले नाहीत. कन्नडने त्या अर्थाने ‘समीक्षे’ स्वीकारला. कर्नाटक राज्य मागासवर्ग आयोगाच्या वतीने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये शिक्षक घरोघर गेले ते सामाजिक व शैक्षणिक ‘समीक्षे’साठी, त्यामुळे येथील मराठी कानांनाही हा शब्द नवा राहिलेला नाही. तरीही मराठीत समीक्षा म्हणजे कवितेची, कादंबरीची, नाटकाची चिकित्सा. ‘आपल्या कुटुंबाची समीक्षा करण्यास आलो आहोत’ हे वाक्य मराठी घराच्या उंबऱ्यावर उच्चारून पाहा. आतल्या माणसाच्या कपाळावर आठी उमटेल. ‘सर्व्हे’ म्हणावे तर शेतकऱ्याला आधी सर्व्हे नंबर आठवतो आणि जमीन मोजायला आले की काय अशी शंका येते. त्या मोजणीचा शब्द कन्नडच्या भूमापन खात्यातही ‘मोजिणी’ असाच आहे. माझी पसंती ‘पाहणी’ला आहे. तो घरातला शब्द आहे, त्यात कोणाची परीक्षा नाही आणि कर नाही. ‘सर्वेक्षण’ शीर्षकात ठेवा, तोंडी बोलताना ‘पाहणी’ म्हणा, आणि कन्नड प्रतीत ‘समीक्षे’ राहू द्या.

उरते प्रश्नांची शब्दयोजना. मराठी प्रतीत ‘याबाबत तुमचे मत काय?’ असे विचारू नये. निवडणूक जवळ असो वा नसो, ‘मत’ कानावर पडताच बरेच लोक ‘ते आम्ही सांगत नाही’ म्हणून मोकळे होतात, आणि त्यांचे ते बरोबरच असते. ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारले की तोच माणूस पाणीपुरवठ्यावर दहा मिनिटे बोलतो. कन्नड प्रतीत मात्र ‘अभिप्राय’ निर्धास्तपणे वापरता येतो. तोच शब्द मराठीत आणला तर कचेरीतील शेऱ्याचा वास येतो. ‘अभिप्राय लिहा’ असे वाचून लोक ‘ठीक आहे’ एवढेच लिहितात.

उत्तरांच्या पर्यायांत ‘माहीत नाही’, ‘ठरवलेले नाही’ आणि ‘सांगायचे नाही’ हे तीन वेगवेगळे रकाने ठेवावेत. कन्नडमध्ये ‘गोत्तिल्ल’ (ठाऊक नाही) या एकाच उत्तरात हे तिन्ही मिसळण्याचा संभव असतो, आणि मराठीत ‘काय सांगायचं’ या उत्तराचेही तसेच आहे. म्हणून कागद भरणाऱ्याने स्वतः तर्क न करता, ‘म्हणजे ठाऊक नाही की सांगायचे नाही?’ असे त्या घरच्या भाषेत पुन्हा एकदा विचारून मगच खूण करावी. दोन्ही प्रती छापण्यापूर्वी मराठी प्रत कन्नड जाणणाऱ्या आणि कन्नड प्रत मराठी जाणणाऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. मत, पट्टी, नमुना आणि समीक्षा हे चार शब्द जेथे येतील तेथे तो अडखळतो का, तेवढे पाहा.